पलीकडच्या बेटावर आहे तरी काय?

नाही नाही, पण तुम्ही सगळे मलाच का विचारता? अख्ख्या मिलोस बेटावर दुसरं कुणी नाही? धक्क्यावर बोटवाला आहे, त्याला विचारा, चर्चच्या पायरीवर चार म्हातारे रिकामे बसलेत, त्यांना विचारा... पण नाही! कॉफीचा पहिला घोट घशाखाली उतरत नाही तोच, ‘झाबेताबाई, आमच्याकडे पाचच दिवस आहेत, त्यातला एक पलीकडच्या किमोलोसला द्यावा का हो?’ दर उन्हाळ्यात, माझ्या भाड्याच्या दर खोलीतून, हाच प्रश्न! आणि अकरा वर्षं मी काय उत्तर देत आले? लाज वाटते हो सांगायला. मी म्हणायचे, ‘काय आहे तिथं? खडूचे दगड आणि बोकडं!’

आता तुम्हाला सांगते, ते बेट अर्ध्या तासावर आहे. माझ्या गच्चीवरून दिसतं. आणि तिथं माझी बहीण राहते. सख्खी! धाकटी! मोस्कूला. धक्क्याजवळ चार टेबलांची खानावळ चालवते. मग बहिणीच्या दारात जाणारी माणसं मी अडवायची का? तर त्याला कारण आमची आई.

आई माझ्याकडे असायची, समुद्राकडच्या खोलीत. एका ईस्टरनंतर गाठोडं बांधलं आणि म्हणाली, ‘मी मोस्कूलाकडे जाते. तुझ्याकडे पायऱ्या फार.’ पायऱ्या! चार आहेत हो माझ्या दाराला, चार! शेजारीपाजारी बघतायत, आणि ही बया काळा रुमाल डोक्याला बांधून बोटीत बसली! दोन वर्षांनी तिकडेच वारली. मी मातीला गेले, उभी राहिले, मोस्कूलाशी एक शब्द न बोलता परतीची बोट धरली. आई पळवली ना हिनं? मग मीही ठरवलं. विचारा कुणीही... खडूचे दगड आणि बोकडं!

बरं, माझा धंदा जोरात. दर आठवड्याला कुणी ना कुणी दारात उभं, ‘झाबेताबाई तुम्हीच ना? तुमचं नाव ऐकून आलो.’ मी नवऱ्याला म्हणायचे, ‘बघ स्तामातिस, याला म्हणतात कीर्ती!’ तो बिचारा जाळं शिवत म्हणायचा, ‘हो गं बाई.’

तर या जूनमध्ये थेसालोनिकीचे एक निवृत्त मास्तर आले, बायकोला घेऊन. हातात वही. वहीत रकाने! कुठल्या किनाऱ्याला किती तास, सगळं पट्टीनं आखलेलं. आणि नेहमीचा प्रश्न. मी सुरू झाले, ‘छे हो मास्तर! वारा सुटला की बोट बंद, अडकून पडाल. सावली नाही, झाड नाही, काय आहे तिथं? खडूचे दगड आणि बोकडं!’ मास्तरांनी पट्टी ठेवली आणि किमोलोसवर सरळ रेघ ओढली. संपलं! एवढ्यात त्यांची बायको, तीन दिवसांत जिच्या तोंडून शब्द ऐकला नव्हता ती, कप खाली ठेवून म्हणाली,

‘मला बोकडं आवडतात.’

गेले ना दोघं!

संध्याकाळी परत आले ते उन्हानं लाल होऊन, आणि बाईंच्या हातात फडक्यानं झाकलेलं ताट. ‘तुमच्या बहिणीनं दिलंय.’ फडकं उचललं... लदेनिया! कांदा-टोमॅटो घालून तेलात भाजलेली आमची जाड रोटी, आई करायची तशी, कडा जरा करपवलेल्या. मास्तर म्हणतात, ‘काय हो झाबेताबाई, सांगितलं नाहीत? त्यांच्या भिंतीवर तर तुमच्या नावाची पाटी आहे! स्वतःच्या हातानं लिहिलंय, मिलोसला उतरायचं तर माझ्या ताईकडेच. येईल त्याला सांगतात.’

ऐकलंत? माझी कीर्ती! अकरा वर्षं मी तिची माणसं अडवत होते, आणि ती माझ्याकडे माणसं पाठवत होती! मला त्या ताटासमोर बसवेना. स्तामातिसकडे बघितलं. तो म्हणाला, ‘मला माहीत होतं.’ मग बोलला का नाहीस? ‘तू बोलू देतेस कधी?’

दुसऱ्या दिवशी सकाळची बोट धरली. बोटवाला दात काढून म्हणतो, ‘काय झाबेताबाई, रस्ता चुकलात? तिथं तर नुसती बोकडं!’ अख्खी बोट हसली.

मोस्कूला पीठ मळत होती. केस पिकलेत हो तिचे. वर न बघताच म्हणाली, ‘आलीस ताई? दार लाव, वारा येतोय.’

मी उभ्याउभ्या सगळं ओकले. मी असं म्हणायचे, मी तसं म्हणायचे...

‘माहितीये,’ म्हणाली. ‘येणारे सांगायचे की. बोकडंसुद्धा म्हणायचीस.’

‘आणि तरी तू पाठवत राहिलीस?’

‘आईनं सांगितलं होतं. ती इकडे कशाला आली असं वाटतं तुला? तुझी समुद्राकडची खोली तिच्यापायी अडत होती. पाहुणे तीच खोली मागायचे. म्हणाली, झाबेता तोंडानं बोलायची नाही, आपणच उठावं. तुला सांगू नको म्हणून मला शपथ घातलेली.’

त्या खोलीचे मी जास्त पैसे घेते हो! आईच्या खोलीचे! जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. मी तिचे पिठाचे हात धरले, रडत म्हटलं, ‘मोस्कूला, आजपासून एकेकाला पाठवते तुझ्याकडे! म्हणेन, एक नाही, दोन दिवस द्या!’

तर ती घाबरली! हात सोडवून म्हणते, ‘नको गं बाई! तू अडवत होतीस म्हणून तर मला दुपारी पाठ टेकता यायची. चार टेबलं, एकटी मी... काल त्या मास्तरांनी येताना अख्खी बोट गोळा करून आणली, बघ मोरीत काय पसारा पडलाय!’

म्हणजे बघा, अकरा वर्षं जीव तोडून दुष्टपणा केला, तोसुद्धा तिच्या सोयीचा निघाला!

मग काय... ती आत जाऊन आडवी झाली, आणि मी बाह्या सरसावून भांडी घासली.