कजोडजींची वरात वरच्या रस्त्याने

समारंभाचे अध्यक्ष, पाटबंधारे खात्याचे अधीक्षक अभियंता माननीय माणकचंदजी लोढा; आजचे प्रमुख पाहुणे मंत्रीमहोदय शंभूसिंहजी, ज्यांना आपण सगळे आदराने ‘हुकुम’ म्हणतो; सत्कारमूर्ती, आम्हा सगळ्यांना वडिलांसारखे असलेले बासा कजोडजी मीणा; सौ. सोहनबाई, आणि नदीच्या दोन्ही काठांवरून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी धरणावरचा कनिष्ठ अभियंता. मंत्रीमहोदयांसमोर बोलायची सवय नाही, तेवढं सांभाळून घ्यावं.

कजोडजींची नोकरी एका ओळीत सांगता येते. रोज सकाळ-संध्याकाळ धरणाची पातळी बघायची आणि हंजाबाईच्या चहाच्या टपरीजवळच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहायची. एकतीस वर्षं! लेकीच्या लग्नादिवशी अर्धा साफा बांधून धरणावर गेले. सोहनबाई म्हणतात, “नवरा माझा, पण सकाळी तोंड बघायचा धरणाचं!” हसा, हसा. त्याही हसताहेत.

तीन वर्षांपूर्वीचा श्रावण आठवतो ना? सरकारी जीप गावोगाव ओरडत होती, ‘घाबरण्याचं कारण नाही.’ धरणाखालच्या भोजाखेडीतलं कुणी जीपकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळे फळ्यापाशी. आकड्याखाली बासांनी लिहिलं होतं, ‘टेकडीवर जा.’ दुसऱ्या दिवशी घराघरांत कमरेएवढं पाणी होतं आणि माणूस एकही दगावला नव्हता. हुकुम पाहणीला आले, तो फोटो माझ्या मागेच लावलाय.

बैठकीत हुकुम मला विचारतात, “लोक आमच्यावर विश्वास का ठेवत नाहीत?” दहा दिवसांपूर्वी आदेश आला, पाणीपातळी गोपनीय, फळा काढून टाका. बासांना तो कळवणाऱ्या पत्राखाली सही माझी आहे. बासांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि एवढंच विचारलं, “साहेब, पाण्याला कळवलंत का?”

मला त्या दिवसापासून झोप नाही.

उद्या भरल्या धरणाची पूजा आणि नौकाविहार आहे. म्हणून दरवाजे उघडायचे नाहीत. तीन नंबरचा दरवाजा तर जेठ महिन्यापासून अडकलाय. तसा अहवाल मी दिला होता, तो कपाटात आहे आणि कपाटाला कुलूप आहे. सकाळी जीपवरून सांगितलं, फरशी पूल सुरक्षित आहे. मीही इथे तेच सांगावं, अशी चिठ्ठी माझ्या खिशात आहे.

आपल्याकडची रीत, निवृत्त माणसाला घोडीवर बसवून वाजतगाजत घरी न्यायचं. घोडी दारात सजून उभी आहे. बासांचं घर भोजाखेडीत, म्हणजे फरशी पुलाच्या पलीकडे. मघाशी हार घालताना मी त्यांच्या कानात विचारलं, “बासा, आज किती?” शेवटच्या दिवशीसुद्धा ते बघून आले होते.

एकवीस फूट आठ इंच. वीसच्या वर आपण कधीच पाणी ठेवलेलं नाही.

अध्यक्षसाहेब, माइक बंद करू नका, दोनच मिनिटं. उद्यापासून मी नोकरीत नसेन, हे मला ठाऊक आहे.

वरात वरच्या रस्त्याने जाईल. दोन कोस जास्त पडतील, पडू देत. भोजाखेडीकरांनी चूरमा पत्रावळीत बांधून घ्यावा आणि थेट टेकडीवरच्या देवळात जावं. घरी फोन लावा, म्हाताऱ्यांना आणि पोरांना आत्ताच वर न्यायला सांगा. गुरं सोडून द्या.

मंत्रीमहोदयांची काळजी नको. आत साफे बांधणं चाललं होतं, तेव्हा त्यांचा चालक बासांजवळ येऊन हळूच विचारून गेला, “बासा, गाडी फरशी पुलावरून नेऊ का?” खिडकीतून बघा. पांढरी गाडी वरच्या रस्त्याकडे तोंड करून उभी आहे.

मंडपवाले, आचारी, ढोलवाले, सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. त्या सहीची माफी मात्र मी आज मागत नाही. ती उद्या सकाळी टेकडीवर, डोकी मोजून झाल्यावर मागेन.

बासा, उठा. घोडी थांबलीय.