बेडकीत बसून बोलू

नाही, पण मला एक सांगा, नवऱ्याने गाडी स्वतः आणायची, स्वतः पुसायची, रविवारचा रविवार तिच्याखाली पाय बाहेर काढून झोपायचं, आणि ती विकायची वेळ आली की बायकोला विचारायचं, ‘ठेवलेली बरी... की विकलेली बरी?’ हो, अगदी ह्याच आवाजात! कारण आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. तुम्ही डोळे तपासून घेतलेत ना कधी? ती जड चौकट नाकावर ठेवतात, तिच्यात भिंग सरकवतात आणि विचारतात, ‘हे बरं... की हे बरं?’ मग भिंग फिरवतात. ‘आता बरं... की मघाचं बरं?’ जन्म गेला हो ह्या माणसाचा दुसऱ्याला विचारण्यात. दुकानात गिऱ्हाइकाने ठरवायचं, घरी मी ठरवायचं. पडदे घ्यायला गेलो, ‘हे बरे की हे बरे?’ मुलीच्या लग्नात फोटोवाला म्हणाला, काका, इकडे उभे राहा, तर हे त्यालाच विचारतात, ‘इथे बरं, की तिथे बरं?’ तो बिचारा कॅमेरा खाली करून बघतच राहिला.

आणि अशा माणसाने अख्ख्या संसारात एकच गोष्ट मला न विचारता ठरवली. ती ही गाडी.

स्पोर्ट्स कार, बरं का. नाव मोठं. जुनीच घेतली होती, आणि आता तर आमच्याबरोबर म्हातारी होत आलीय. दोन दारं, दोन सीटा, रंग हिरवा, म्हणजे एके काळी हिरवा, आता नुसती आठवण. आणि उंची म्हणाल तर माझ्या कमरेला सुद्धा लागत नाही. पुढचे दिवे असे की बटण दाबलं की आतून वर येतात. म्हणजे दोन्ही यायला हवेत. आमचा एकच येतो, दुसरा अर्ध्यात अडकतो, त्यामुळे संध्याकाळी आम्ही कोपऱ्यावर वळलो की गाडी समोरच्याला डोळा मारते. पोलिसाला मारलाय, मुलीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना मारलाय. आमच्या बिल्डिंगने तिचं नाव ठेवलंय बेडकी. मी आधी रागावले होते, मग नीट बघितलं, तर खरंच, बसलीय बापडी शेडखाली डोळे वटारून.

आता तुम्ही म्हणाल, एवढं आहे तर विकून मोकळं व्हा की. थांबा. मी तेच सांगतेय. मध्ये बोलू नका, माझं राहून जातं.

आमचं घर किती, तर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. भिंती अशा की ह्यांनी पलीकडे पान उलटलं तर मला अलीकडे कळतं कुठल्या पानावर आहेत. त्यात सासूबाई. बाई प्रेमळ आहेत, माझी तक्रार नाही, पण कान! कुकरची शिटी व्हायच्या आधी त्यांना कळायचं की आता होणार. मग अशा घरात नवराबायकोने भांडायचं कुठे? तुम्ही कुठे भांडता? नाही, सांगू नका, पण काहीतरी सोय असेलच ना. आमची सोय म्हणजे बेडकी.

सुरुवात अशी झाली की एकदा हे खाली गाडी गरम करत होते. तिला गरम करावं लागतं, नाहीतर रुसते. आणि जास्त गरम झाली की बंद पडते. म्हणजे तिच्याही मनात ‘हे बरं की हे बरं’ चालूच असतं. तर मी रागाने खाली गेले, दार उघडलं, आत बसले आणि जे काय होतं ते बोलून टाकलं. इंजिनचा आवाज म्हणजे काय सांगू, पिठाची गिरणी परवडली. त्या आवाजात मी ओरडले, हे ओरडले, आमचे हे, जे दुकानात कुजबुजल्यासारखे बोलतात, ते ओरडले! मी थक्क झाले. मनात म्हटलं, अरे, ह्या माणसाला मत आहे!

तेव्हापासून रीतच पडली. काही निघालं की जेवताना हे शांतपणे म्हणायचे, “जरा बेडकीत बसून बोलू?” मी हात धुऊन उठायची. सासूबाई म्हणायच्या, “जाऊन या. काचा वर करा, धूर आत येतो.” आम्ही खाली, काचा वर, इंजिन चालू, आणि मग काय... दुसऱ्याच्या दुकानातली नोकरी सोडून स्वतःचं दुकान काढायचं, ते बेडकीत ठरलं. मुलीला लांब शिकायला पाठवायचं, ते बेडकीत ठरलं, आणि पाठवल्यावर हे रडले तेही तिथेच, एक्सिलेटरवर पाय दाबून, म्हणजे कुणाला ऐकू जाऊ नये. माझं ऑपरेशन होतं तेव्हा घरात मी सगळ्यांना सांगत होते, छे, मला कसली भीती. ह्यांना सांगितलं खरं. कुठे? त्याच सीटवर. हे नुसती इंजिनची किल्ली फिरवत राहिले, चालू असलेल्या गाडीची. ती केवढी किंचाळली.

घरात आमचं बोलणं काय, तर गॅस आला का, फोन कुणाचा होता, तुमचा टॉवेल उचला. बास.

तर झालं असं की माझा गुडघा गेला. गेला म्हणजे आहे तिथेच, पण कामातून गेला. आणि ही गाडी अशी की तिच्यात बसत नाहीत, तिच्यात पडतात. पडायला काही लागत नाही हो, ते मला येतं. बाहेर कसं यायचं? आधी एक पाय, मग टेकायला छत्री, मग हे दोन्ही हात धरून ओढणार, मग मी ‘आई गं’, मग वरून कुणीतरी विचारणार, “जमतंय ना?” डॉक्टर म्हणाले, खाली बसायचं नाही. मी म्हटलं, डॉक्टर, मांडी नाही घालत मी. ते म्हणाले, मग गाडी कुठली आहे?

मुलीने फोनवर लगेच निकाल दिला. “आई, विका ती आता. चार दारांची घ्या, उंच, शांत. आजीलाही नेता येईल.” सासूबाई मागून, “हो ना, मला कुणी विचारलंय का इतक्या वर्षांत, दोनच सीटा म्हणून!” आणि हे? हे माझ्याकडे बघून, “ठेवलेली बरी... की विकलेली बरी?” आता मी काय बोलणार? मला वाटलं, ह्या माणसाने आयुष्यात एक गोष्ट स्वतःच्या मनाने केली, ती माझ्या गुडघ्यापायी मोडायची? आणि नको म्हणावं, तर दरवेळी मला ओढून काढताना ह्यांची कंबर कुरकुरते ती मला ऐकू येते. म्हणून मी मन घट्ट करून म्हटलं, विकलेली बरी. आणि ह्यांचा चेहरा असा झाला, की जाऊ दे.

नवीन गाडी बघायला गेलो. शोरूममधला मुलगा टाय बांधून, “मॅडम, इंजिन चालू आहे, कळतंय का?” मी म्हटलं, नाही. तो खूश. मी पुढे, हे चालवतायत, सासूबाई मागे ऐसपैस. आणि तुम्हाला सांगते, इतकी शांतता... माझ्या बांगड्या हलल्या तर मीच दचकले. सबंध रस्ता आम्ही तिघं गप्प. हे एकदा म्हणाले, “सिग्नल पडला.” मी म्हटलं, “हो.” परत आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “गाडी चांगली आहे, पण दवाखान्यात बसल्यासारखं वाटलं.” मला त्या रात्री जेवण गेलं नाही. मला कळेना की मला काय झालंय. ही गाडी घेतली तर आम्ही दोघं पुढची सगळी वर्षं सिग्नल पडला, हो, एवढंच बोलणार का?

पण आता सांगणार कुणाला? मीच म्हटलं होतं ना, विकलेली बरी!

ह्यांनी जाहिरात दिली. गिऱ्हाईक आलं. फोटोग्राफर. तरणाबांड, पायात पांढरे शुभ्र बूट, गळ्यात कॅमेरा. गाडीभोवती फिरला, आडवा झाला, उकिडवा बसला, दिवे वर करायला सांगितले, बेडकीने त्याला डोळा मारला. तर तो म्हणतो कसा, “काका, झकास! स्टुडिओत ठेवणार मी. लग्न ठरलेली पोरं टेकून उभी राहतील, मी फोटो काढणार.” हे म्हणाले, “इंजिन एकदा बघून घ्या.” तो म्हणाला, “इंजिनचं काय करायचंय? काढून टाकणार. जागा होईल, आत लाईट बसवतो.”

इंजिन काढून टाकणार! मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि हे अगदी सावकाश त्याला म्हणाले, “एक मिनिट थांबता का? आम्ही जरा गाडीत बसून बोलतो.”

“ह्याच गाडीत?”

“हो, ह्याच.”

बसलो. म्हणजे मी पडले. काचा वर, इंजिन चालू, गिरणी सुरू. हे ओरडले, “काय करायचं?” मी ओरडले, “तुम्ही सांगा!” हे, “तूच म्हणालीस विका!” मी, “मी तुमच्या कमरेसाठी म्हटलं!” हे, “आणि मी तुझ्या गुडघ्यासाठी गप्प बसलो!” मी, “मग नेहमीच गप्प बसता! घरात कधी बोललात?” हे, “घरात तू बोलतेस का?” आणि आवाज चढत चढत गेला, आमचाही आणि बेडकीचाही, ती तापत होती, माझं लक्षच नव्हतं, आणि मी जीव खाऊन ओरडले, “मला नकोय ती मुकी गाडी! गुडघा गेला खड्ड्यात! तुम्ही माझ्याशी फक्त हिच्यात बोलता, मला ही हवीय, आणि मला हिच्यात तुम्ही...”

आणि बेडकी बंद पडली.

‘तुम्ही’वरच. आणि मी आपली त्याच पट्टीत पुढचे दोन शब्द बोलूनही गेले. “...हवे आहात!” अशी शांतता झाली की काय सांगू. फोटोग्राफर बुटांकडे बघतोय. हे स्टिअरिंगकडे बघतायत. आणि वर पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून सासूबाईंचा आवाज, “अगं मग त्या मुलाला तसं सांग की. बिचारा केव्हाचा उभा आहे.”

मी काच खाली केली. म्हटलं, “तुम्हाला... ऐकू आलं?”

“आज कुठे? नेहमीच येतं.”

“पण इंजिन...”

“त्या इंजिनवर ओरडता म्हणून तर येतं! घरात हळू बोलला असतात तर मला काही कळलं नसतं. मला आताशा कमीच ऐकू येतं.”

आता बोला! इतकी वर्षं... आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. मी मान वर केली तर दुसऱ्या मजल्यावर डेंटिस्टबाई, खुर्ची टाकून, हातात चहा. म्हणाल्या, “वहिनी, ते दुकान वाढवायचं काय ठरलं हो शेवटी? त्या दिवशी मला पेशंट होता, शेवट राहिला.” आणि तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा कानाला हात लावून, “काय म्हणाली? काय म्हणाली ती?” डेंटिस्टबाईंनी त्यांना ओरडून सांगितलं. शब्दन्‌शब्द. “हवे आहात, म्हणाल्या!” आजोबा म्हणाले, “कोण?” “मिस्टर!” “हां,” आजोबा म्हणाले, “मग बरोबर.”

माझे कान असे तापले! मी ह्यांना म्हटलं, आता काय तोंड दाखवायचं ह्या लोकांना? तर हे हसत होते. डोळ्यात पाणी होतं आणि हसत होते. दार उघडून बाहेर आले आणि फोटोग्राफरला म्हणाले, “गाडी विकायची नाही.” बघा हं. विचारलं नाही. सांगितलं. गाडी घेतल्यानंतर पहिल्यांदा ह्या माणसाने परत काहीतरी स्वतः ठरवलं, आणि ते मला इतकं आवडलं की मी बाहेर यायचंच विसरले. फोटोग्राफर जाताना म्हणाला, “काका, माझंही लग्न ठरलंय. माझी गाडी फार शांत आहे. काही प्रॉब्लेम येईल का?” हे म्हणाले, “नंबर आहेच ना माझा? लागलं तर या, हिच्यात बसून बोला.”

तर गाडी ठेवली. सासूबाईंना ह्यांनी माझ्या सीटवर बसवून एक चक्कर मारून आणलं, परत आल्यावर त्या म्हणाल्या, “मीही दोन गोष्टी बोलून घेतल्या त्याच्याशी.” काय बोलल्या ते मला ठाऊक आहे, मी गॅलरीत होते. आणि आम्ही दोघांनी ठरवलं, आता घरातच बोलायचं, हळू आवाजात, शहाण्या माणसांसारखं. बोलतोही. परवाच पाऊण तास बोललो. दुसऱ्या दिवशी डेंटिस्टबाई जिन्यात थांबवून काळजीने विचारतात, “वहिनी, बऱ्याच दिवसांत काही ऐकलं नाही. सगळं ठीक आहे ना?”

आणि काल काय, रंगारी आला. बेडकीला रंग काढायचाय ना नवा. त्याने नमुना म्हणून हिरव्याचे दोन तुकडे ह्यांच्या हातात दिले. मी लांबूनच बघत होते, म्हटलं, हा माणूस बदललाय, आता ठरवेल. तर हे दोन्ही तुकडे घेऊन माझ्याकडे आले. एक पुढे केला. “हे बरं...” मग दुसरा पुढे केला. “की हे बरं?”

मी छत्री घेतली, खाली गेले, गाडीत पडले. हे मागोमाग. किल्ली फिरवली, गिरणी सुरू झाली, आणि वर दोन गॅलऱ्यांमधून खुर्च्या ओढल्याचा आवाज आला. ह्यांनी काचा वर करायला हात घातला. म्हटलं, राहू द्या. खालीच असू देत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना नीट ऐकू येत नाही.