बाही कुठवर

झुलेइदे : हात वर कर. वर म्हटलं ना! माझ्या तोंडात टाचण्या आहेत, ओरडता येत नाही, म्हणून फायदा घेऊ नकोस.

जांदिरा : ओरडतेयस की, आई.

झुलेइदे : आणि ती खिडकी लाव. पलीकडे ऊस पेटवलाय. या पांढऱ्यावर राख बसली तर जायची नाही.

जांदिरा : बसू दे. बेचाळीस वर्षांच्या बाईला हा घेरदार झगा! गावातल्या पोरींना पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्याला शिवतेस तू असले. ज्यांची नखं मी रंगवते त्या बायका फिदीफिदी हसतील.

झुलेइदे : हसू देत. तुलाही पंधरावंच लागतंय. कातडी आवळत नेणाऱ्या त्या आजारात तुझ्याच पेशी काढून गोठवल्या, अंगात होतं ते सगळं औषधानं धुतलं आणि त्याच परत घातल्या, त्या दिवसापासून मोजून. डॉक्टरच म्हणाले, आज जन्मली. बाळाच्या सगळ्या लशी पुन्हा घेतल्यास, तान्ह्यांच्या रांगेत उभी राहून. एक पोर तुला बघून रडायचं थांबलं होतं.

जांदिरा : चौदा केक कापले मी. पंधरावा नकोय.

झुलेइदे : मैदा आणून झालाय. बरं, बाही कुठवर? खांद्यावर नुसती पट्टी ठेवते.

जांदिरा : पूर्ण. मनगटापर्यंत. वर हातमोजे.

झुलेइदे : नोव्हेंबरात? उन्हाळा तोंडावर आलाय, उकडून मरशील.

जांदिरा : मरेन.

झुलेइदे : हा शब्द या घरात नको.

जांदिरा : तूच काढलास! पंधरा वर्षं मला या घरात साधं शिंकायची सोय नाही. शिंकले की तू देवापुढे मेणबत्ती लावतेस. मी तुझा चमत्कार ना! चमत्काराला सर्दी होत नाही.

झुलेइदे : इरासेमाचा फोन आला होता.

जांदिरा : कोण इरासेमा?

झुलेइदे : वेड पांघरू नकोस. वॉर्डातली नर्स. दोन वर्षं तू तपासणीला गेलेली नाहीस! दोन्ही खेपेला मी पहाटे उठून चीजचे पाव भाजले, फडक्यात बांधले, साओ पावलोच्या बसपाशी तुला सोडलं. कुठं होतीस दिवसभर?

जांदिरा : स्टँडवर.

झुलेइदे : स्टँडवर!

जांदिरा : दुसऱ्या टोकाच्या बाकावर. तिथं एक कुत्रं आहे. पाव त्याला फार आवडले.

झुलेइदे : लाज वाटत नाही? त्यांच्या वहीत तुझ्या नावापुढे लिहिलंय, ‘संपर्क नाही’. बऱ्या झालेल्यांत नाहीस, गेलेल्यांत नाहीस. वाऱ्यावरची राख झालीस तू तिथं.

जांदिरा : त्या वहीत आणखी काय काय नाही, सांगू? सत्ताविसाव्या वर्षी त्या औषधानं माझी पाळी कायमची गेली, त्यापुढे लिहिलंय, ‘अपेक्षित’. नवरा, वाल्देसिर, सोडून गेला, त्याला तर रकानाच नाही. आणि उपचाराच्या संमतीची सही! माझी बोटं वळून आकडे झाली होती, पेन धरवत नव्हतं. सही तू केलीस. माझा हात धरून.

झुलेइदे : केली! पुन्हा करीन! ओठ आवळून काजाएवढं तोंड झालं होतं तुझं, चमचा शिरत नव्हता. कातडी ढोलावर ताणल्यासारखी. दोन पायऱ्या चढलीस की धाप. देवाकडे नातवंडं मागू की तुला मागू? मी तुला मागितलं.

जांदिरा : मला विचारलंस?

झुलेइदे : सरळ उभी राहा.

जांदिरा : विचारलंस का?

झुलेइदे : नाही विचारलं. मग राग माझ्यावर काढ. त्या बसवर कशाला?

(मनगटाशी टाचणी लावायला झुलेइदे तिचा हात धरते. जांदिरा तो झटकून मागे घेते.)

झुलेइदे : दे इकडे.

जांदिरा : नाही.

झुलेइदे : पन्नास वर्षं कापड चिमटीत धरतेय मी. ते डॉक्टर सतरा जागी चिमटा घेऊन कातडी किती आवळलीय ते बघायचे, सतराही मला पाठ आहेत. दंड... येतोय चिमटीत. मनगटावर... येतंय. बोटं दाखव.

जांदिरा : आई, नको ना.

झुलेइदे : ही कातडी चिमटीत येत नाही. हीसुद्धा नाही. कधीपासून?

जांदिरा : दोन हिवाळे झाले. आधी पांढरी पडायची, मग निळी. आता नखांच्या रंगाची बाटली दातांनी उघडते.

झुलेइदे : आणि मला सांगायचं नाही?

जांदिरा : कसं सांगू? तू दर केकवर आकडा लिहितेस! साखरेचा, गुलाबी! तो पुसायचा कुणी? आणि वॉर्डातली ती नवी पोरगी, इरासेमानं माझा नंबर दिलेली. एकोणीस वर्षांची. दर आठवड्याला फोन करते. तोंड उघडत नाही तिचं, आवाजावरून कळतं. सही करू की नको म्हणते. विचारते, इतकी वर्षं टिकतं ना? मी म्हणते, टिकतं. आता कुठल्या तोंडानं जाऊ मी तिथं?

झुलेइदे : याच. अख्खा पाव जातो अजून याच्यात. तिला सांग, तेरा वर्षं टिकलं, मग बोटांवर आलं. पाळी गेली, तेही सांग. ऐकून ती सही करील, नाहीतर नाही करायची. तिचा हात कुणी धरू नये.

जांदिरा : हे तू बोलतेस?

झुलेइदे : मीच बोलतेय. हलू नकोस, टाचणी लागेल.

जांदिरा : आणि त्यांनी मला सांगितलं, पुन्हा करू या, तर? मी नाही करणार. आताच सांगते.

झुलेइदे : तुझा हात, तुझी सही. पण दाखवून ये. बाह्या मी लावत नाही इतक्यात. तू येऊन सांग कुठवर हव्यात.

जांदिरा : आणि केक?

झुलेइदे : आकडा नाही लिहिणार. उद्या साडेपाचची बस आहे... जांदिरा, मी येऊ का? या खेपेला विचारतेय.

जांदिरा : आधी त्या टाचण्या काढ तोंडातून.

झुलेइदे : काढल्या.

जांदिरा : पाव दोघींचे बांध.