चुलीवरचं छप्पर

माया जनम भंडाऱ्याकडचा, साकोलीच्या अलीकडं तळ्याकाठी आमचं गाव, बाप धान लावे अन् मी त्याच्या मांगं मांगं बांधावरून फिरून इचारे, बाबा धान पाण्यात उभं राहून सडत कावून नाई, बाबा बगळा एकाच पायावर कावून. बाप वैतागून जाये. माय म्हणे हे पोट्टी एक दिवस यमालेही थांबवून इचारन का बाबा, मलेच कावून नेऊन राहिला. जित्याची खोड, तुमाले ठाऊकच आहे. आता ऐंशी उलटली तरी तुम्ही वही काढली तशी मीच तुमाले इचारलं का नाई, मायासारख्या बाईचं लिहून करता काय म्हणून.

चौथी शिकली मी, मंग लग्न. आमच्या याइचा, नवऱ्याचा, उजवा पाय लहानपणी तापात वाळला होता, चालत ते, पण ओढून ओढून. माय रडली. मी इचारलं डोक्यानं कसे आहेत, तं सातवी पास, मी म्हटलं मंग रडतं कायले. भिलाईले कारखाना बांधून राहिले, माणसं पाहिजेत असं गावात आलं तसे हे निघाले, अन् लिहिता येते म्हणून स्टोअरात लागले, मजुराइले औजारं द्याची अन् सांजेले परत घ्याची. सासूचं म्हणणं, लेकानं तिकडं कमवावं अन् सुनेनं इकडं शेण काढावं. एक साल मी काढलं. मंग काय रडली, काय बोलली, ते सोडा, पण आली मी.

अन् आली तं काय पाहू अन् काय नाई. सारा लाल मुरूम, त्याच्यातून लोखंडाचे खांब उभे होऊन राहिले, मद्रासी, पंजाबी, बंगाली, जगातली माणसं. बाजारात रशियन बाया येत. एकीनं कच्चं कारलं तसंच चावून पाहिलं, मी तोंड पाहून इचाराले धावली तं याइनं हात धरला, म्हणाले भाषा येते का तुले.

घर घेतलं होतं भिलाई-3 कडं. घरमालक छत्तीसगढी, आम्ही त्याइले दाऊ म्हणो. शेती कारखान्याच्या जागेत गेली, तं उरलेल्या परसात त्याइनं मातीच्या पाच घरांची ओळ बांधली, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. जनमभर नांगर धरलेला माणूस, घरमालक पयल्यांदाच झाला होता, अन् आम्ही किरायेदार पयल्यांदाच. ते अन् त्याइची बायको बाजूलेच राहत. तिचं नाव मी घेत नाई, कावून ते येते पुढं. बाकीच्या चार घरांत सडे माणसं, खानावळीत जेवणारे, चूल कोणाचीच नाई. बिऱ्हाड आमचंच. पुढं एक खोली, मांगं रांधाची, तिथं मी माया हातानं चूल घातली, तिच्यावर कोनाड्यात देवाचे टाक मांडले. सासूच्या घरी चुलीपाशी मी मोलकरीण होती हो, इथं मालकीण झाली. ते सुख सांगता नाई येत.

चैतात एक झड आली अन् माया चुलीतच पाणी, आग विझली, राख पसरली. वानराइनं कवेलू फोडून ठेवले होते. आमचे हे म्हणाले, गळत्या घरात चार महिने नाई ठेवत मी तुले, तू घसरून पडली तं मले धावताही येत नाई. आखाडाच्या आत छप्पर झालं तं राह्य, नाई तं गावी सोडतो. अन् गावी गेली का सासू मले पुन्हा येऊ देणार नाई, हे मले पक्कं ठाऊक होतं, याइलेही ठाऊक होतं.

तं मी दाऊले सांगितलं. हौ बाई, हौ, म्हणाले. आले, पुढच्या खोलीतून रांधाच्या खोलीच्या उंबऱ्यापावत आले, वर पाहिलं, खाली चुलीकडं पाहिलं, हात जोडले अन् चालले गेले! मी पाहातच राहिली. हात कायले जोडले याइनं, थट्टा करून राहिले का मायी? दुसऱ्या दिवशी मांगच्या दारापाशी नव्या कवेलूचा ढीग टाकून गेले. मी म्हटलं घ्या, आमचं आंगण म्हणजे याइचं गोदाम. मंग बाकीच्या चारही घरांवर चढून त्याइनं फुटके काढून नवे कवेलू फेरले, आमच्याही पुढच्या खोलीवर फेरले, अन् नेमकं चुलीवरचं तेवढं सोडून उतरले. आता तुम्हीच सांगा, आंग जळन का नाई? तीनदा सांगितलं, तीनदा हौ बाई. मजूर ढुंढला तं कवेलू फेरणारे सारे कारखान्यावर. आमचे हे तं चढूच शकत नाई.

मंग मी आमच्या याइले घेऊन दुर्गले गेली, कचेरीपाशी अर्ज लिहून देणारा झाडाखाली बसे, त्याच्याकडून दाऊच्या नावानं नोटीस लिहून घेतली. तो हिंदीत लिहे अन् मी रागारागात शब्द पुरवे. मकान मालिक पत्थरदिल है, जान-बूझकर औरत को भिगाता है, असं लिहिलं त्यानं, अन् वाचून दाखवलं तं काय गोड लागलं मले. डाकेनं धाडली.

चार-पाच दिवसांनी दुपारी मी तांदूळ निवडून राहिली होती, हे कामावर, अन् दाऊ दारात. हातात तोच कागद. म्हणाले, बाई, पढ़ दे तो, का लिखाय हे? त्याइले वाचता येत नोहतं हो! अन् साऱ्या ओळीत दिवसा घरी असणारी, वाचणारी, मी एकटी. माया हातात मायाच शिव्या. पत्थरदिल शब्दावर नजर गेली अन् समोर तो माणूस, पागोटं काढून, कपाळाचा घाम पुसून राहिलेला. काय वाचू? मी म्हटलं, सरकारचा कागद आहे दाऊ, सरकार म्हणते पावसाच्या आधी किरायेदाराचं सारं छप्पर फेरून द्या. साफ खोटं बोलली मी, चुलीच्या समोर.

दाऊ उंबऱ्यावर बसले. म्हणाले, सरकार का जानही, काकर चूल्हा कहाँ हे. कोणाची चूल कुठी आहे ते सरकारले काय माहीत. मी इचारलं, चुलीचं काय आलं याच्यात? कावून दाऊ? तं तो माणूस लाजून खाली पाहाले लागला. त्याइच्या घरची रीत होती, घराचा देव चुलीपाशी राह्यते, त्या चुलीच्या वर त्याच घरच्या माणसानं चढावं, परक्याचा पाय देवाच्या डोक्यावर पडू नये. म्हणाले, अन् मी परका आदमी, एका बाईले कोण्या तोंडानं सांगू? म्हणून तं कवेलू देऊन ठेवले, तुमचे आदमी चढतीन म्हणून. एवढं बोलले अन् पागोटं पुन्हा डोक्याले गुंडाळाले लागले. आमच्या याइचा पाय नंतर ध्यानात आला होता त्याइच्या, अन् लंगडा हा शब्द तोंडातून काढाचा नोहता त्याइले. मी म्हटलं, देव पुढच्या खोलीत नेऊन ठेवतो, तं हसले. चूल जिथी, देव तिथीच येते म्हणाले.

मले काय वाटलं सांगू? शरम. दीड महिना मी त्याइले बेइमान समजून राहिली, अन् ते मले समजत असतीन, काय निर्लज्ज बाई आहे, परक्या माणसाले आपल्या चुलीवर चढ म्हणते.

दुसऱ्या दिवशी त्याइची बायको आली, आंग धुऊन, हातात नारळ अन् एक डबी. डबीत जगन्नाथपुरीचा महापरसाद, भाताचे सुकलेले दाणे. त्याइच्यात रीत आहे, ते दाणे एकमेकीले चारले का जनमभराचं नातं, सख्ख्या बहिणीच्या वर, मंग एकमेकीचं नाव घ्याचं नाई, महापरसाद म्हणूनच हाक माराची. जात इचारत नाई, भाषा इचारत नाई. मायाच चुलीसमोर बसून तिनं मले चारला, मी तिले चारला. दोघी रडलो. कावून रडलो ते आजही सांगता नाई येत.

बस, झालं. त्या घटकेपासून दाऊ आमच्या घरचे. चपला काढल्या, चुलीले हात लावून कपाळी लावला, अन् चढले. आमचे हे खालून एक एक कवेलू देऊन राहिले, ते वर लावून राहिले, अन् मी दोघाइले चहा करून देऊन राहिली. सांजेपावत छप्पर झालं. सासूले चिठ्ठी गेली का सून इथंच राहीन.

पुढं कारखान्याच्या सेक्टरात क्वार्टर भेटला, दोन मजली, आम्ही खाली. महापरसाद पयल्यांदा आली तं छताकडं पाहून म्हणते, वर कोण राह्यते? मी म्हटलं आंध्राचं बिऱ्हाड. म्हणे तुयं कोण लागते? कोणीच नाई म्हटलं तं तिनं कपाळाले हात लावला. तुया चुलीवर परक्याचे पाय अन् तू रांधून राहिली! मंग जिना चढून वरच्या बाईले साखर चारून आली, तवा जेवली.

दाऊ गेले, मंग हे गेले. तो कागद दाऊनं पेटीत जपून ठेवला होता, सरकारचा म्हणून. मले तो काटा सलत राहे. दहा-बारा साल झाले, महापरसाद खाटेवर होती, मी भेटाले गेली, तिचा हात धरून म्हटलं, महापरसाद, तो कागद सरकारचा नोहता, मायाच होता, मी खोटं वाचलं. तं ते हसाले लागली, दात एक नाई तोंडात. म्हणे मले तवाच ठाऊक होतं, डाकवाल्यानं मलेच वाचून दाखवला होता, पत्थरदिल-बित्थरदिल सारं. मी म्हटलं, मंग दाऊले मायाकडं कावून पाठवलं? म्हणे, पाहाचं होतं, त्याइच्या तोंडावर तू काय वाचतं. मी म्हटलं, अन् मी खोटं वाचलं तरी तू डबी घेऊन आली? कावून?

तिनं माया हात थोपटला. म्हणे, पानी तो सिरतोन चूहत रहिस न, महापरसाद.

कागद खोटा वाचला तं वाचला, पाणी तं खरंच गळत होतं ना. पंधरा दिवसांनी गेली ते.

आता पोरानं घर बांधलं, गॅसची शेगडी आहे. वर टाकी धुवाले कोणी चढलं का मी शेगडीपाशी जाऊन हात जोडतो. नातसून हसते, दादी क्या कर रही हो. करून राहिली ते पाह्यते, पण कावून ते इचारत नाई. तुम्ही दोन दिवस बसून इचारलं. जा बाप्पा, तुमच्या चुलीवरचं छप्पर कधी न गळो, अन् गळलंच, तं चढाले घरचं माणूस भेटो.