रॉकेटची खूण

रॉकेट उडवणं सोपं असतं, ते आपलंच आहे हे पटवून देणं अवघड. आमच्या शाळेत सर्वांत उंच रॉकेट कुणाचं जातं, अशी स्पर्धा होती. उंची मोजणारं यंत्र रॉकेटच्या पोटात, त्यामुळे ते परत आणलं तरच उंची धरणार होते. नेमकं आमचं रॉकेट पॅराशूटसकट वाऱ्याबरोबर शेतांकडे गेलं. मी आणि मैत्रीण अनुषा मागे धावलो.

एका बाभळीखाली मेंढ्या बसल्या होत्या आणि रॉकेट बुंध्याला दोरीनं बांधलेलं होतं.

"परत उडंल म्हणून बांधलंय," मेंढ्या राखणाऱ्या मावशी म्हणाल्या. "तुमचं हाय व्हय? मग खूण सांगा. चुकलेलं कोकरूबी आमी खूण सांगितल्याबिगर देत न्हाय."

मी हळू आवाजात म्हणाले, "एका पंखावर डिंकात मुंगी चिकटलीय."

मावशींनी सगळे पंख निरखून पाहिले. मुंगी सापडल्यावर त्यांनी दोरी सोडली.

"नाव काय ह्याचं?"

"नाव नाही ठेवलं."

"मग हाक कशी मारता? म्हणूनच लांब गेलं की."

बक्षीस देताना सरांनी माइकवर पहिल्या आलेल्या रॉकेटचं नाव विचारलं. आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "कोकरू."