वहीतला आठवा रकाना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या रुग्णालयाचे संचालक डॉ. मा सांगगू, व्यासपीठावरच्या मेट्रन बांग यॉनहुई, आज निवृत्त होत असलेल्या सत्कारमूर्ती नाम गीसुन सिस्टर, पाचव्या मजल्यावरच्या सगळ्या सिस्टर, त्यांच्यापैकी ज्या आत्ता पाळीवर आहेत म्हणून इथे येऊ शकल्या नाहीत त्यासुद्धा, आणि तिसऱ्या रांगेत दाराजवळच्या खुर्चीवर बसलेले माझे वडील, सर्वांना नमस्कार.

मी प्यो हेवॉन. सत्कारमूर्तींची मुलगी. जोन्जू शहरातल्या एका रुग्णालयात मी यंत्रं सांभाळते. मॉनिटर, सलाइनचे पंप, त्यांचे अलार्म. माणसांसमोर बोलायची मला सवय नाही. कार्यक्रमपत्रिकेत ‘कुटुंबीयांचे मनोगत, पाच मिनिटं’ असं छापलं आहे. मी घरी घड्याळ लावून वाचून पाहिलं, तर नऊ होतात. वरच्या चार मिनिटांची माफी आधीच मागून ठेवते.

माझ्याआधी जे बोलले त्यांनी सांगितलं की सिस्टर नाम एकतीस वर्षांत एकदाही उशिरा आल्या नाहीत. हे खरं आहे. चंद्रवर्षाच्या पहिल्या दिवशीही नाही, मामाच्या लग्नाच्या दिवशीही नाही. अध्यक्षांनी असंही जाहीर केलं की सोमवारपासून त्या नव्या वृद्धरुग्ण विभागात दोन वर्षं सल्लागार म्हणून काम पाहतील. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. फक्त एक नोंद करते. त्या नेमणुकीच्या पत्रावर आईची अजून सही झालेली नाही. पत्र तिच्या काळ्या पर्समध्ये आहे आणि पर्स तिनं मांडीवर दोन्ही हातांनी धरली आहे, हे मला इथून दिसतंय.

सही करावी की करू नये, हे मी सांगणार नाही. पण सही करण्याआधी तिला एक माहिती मिळायला हवी. ती माझ्याकडे आहे. ती देण्यासाठीच मी हे बोलणं स्वीकारलं.

चार्ज म्हणजे काय, हे या सभागृहात मी सांगावं असं नाही. एक पाळी संपते, दुसरी येते, आणि जाणारी येणारीला एकेका रुग्णाचं सगळं सांगते. किती प्यायला, किती लघवी झाली, कुठल्या कुशीवर आहे. तुमच्यापैकी किती जणी माझ्या आईला चार्ज देताना रडल्या आहेत? हात वर करू नका, बाकीचं भाषण ऐकायला कोणी उरणार नाही. ‘रुग्ण बरा आहे’ असं कोणी म्हटलं की ती विचारायची, “बरा म्हणजे किती? लिटरमध्ये सांगतेस की किलोत?” मघाशी चहाच्या वेळी एक सिस्टर मला म्हणाल्या, “तुझी आई कधी ओरडली नाही गं. हातातलं पेन खाली ठेवायची. ते पेन खाली गेलं की मी सगळे आकडे पुन्हा मोजायला पळायचे.” मी त्यांना म्हटलं, आमच्या घरीही तेच पेन होतं.

मी अकरा वर्षांची असताना आजी, म्हणजे बाबांची आई, अंथरुणाला खिळली. बाबांचं शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान घराला लागूनच होतं, त्यामुळे आजीचं सगळं त्यांच्याकडे आलं. अर्धा वेळ दुकान, अर्धा वेळ आजी. पुढे दुकानाचं शटर अर्धंच उघडायला लागलं. शेजारच्या काकू मोठ्यांदा बोलायच्या, ऐकू जावं म्हणूनच. “सून पगार आणते आणि मुलगा बेडपॅन उचलतो. बघा, काय दिवस आलेत.” बाबा दुकानातूनच म्हणायचे, “काकू, मशीन असो की आई, ज्याला खोलता येतं त्यानंच पुसावं.”

आईनं एक वही आखली. सात रकाने. खाणं, पाणी, लघवी, शौच, ताप, कूस, औषध. शाळेतून आले की वही माझ्याकडे, आणि आई पाळीवरून आली की दारातच चार्ज. बूट काढायच्या आधी. ती उंबऱ्याशी उभी, मी वही घेऊन समोर.

“बोल.”

“दुपारी पेज, अकरा चमचे. ताप नाही. चारला उजव्या कुशीवर.”

“पाणी?”

“तीनशे मिली.”

“तीनशे, की अंदाजे तीनशे?”

“दोनशे ऐंशी.”

“मग दोनशे ऐंशी म्हण.”

आतून बाबा ओरडायचे, “इनचार्जबाई, बूट तरी काढा. पेशंट कुठं पळून जात नाही.”

“तुम्ही मध्ये बोलू नका. चार्ज चाललाय.”

मला हे आवडायचं, हे मान्य करायला हवं. शाळेतून आलेल्या मुलीशी इतर आया काय बोलतात मला माहीत नव्हतं. माझी आई माझ्याशी रोज चार मिनिटं पूर्ण लक्ष देऊन बोलायची. त्या चार मिनिटांत मी एकही आकडा चुकू द्यायचे नाही.

मी चौदा वर्षांची असताना, नोव्हेंबरमध्ये, गल्लीत सगळ्यांकडे वर्षाची किमची, म्हणजे कोबी-मुळ्याचं लोणचं, घालायचं काम चाललं होतं. शनिवार होता, शाळा नव्हती. बाबा स्वयंपाकघरात मुळा चिरत होते. त्यांच्या हातातून सुरी पडली. त्यांनी उचलली, पुन्हा पडली. ते हसले. हसू एका बाजूला थोडं कमी आलं. म्हणाले, “हात झोपलाय बघ. माझ्याआधी म्हातारा झाला.” त्यांच्या स्वेटरची बटणं एका काजानं चुकली होती. तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मला नक्की माहीत आहे, कारण मी आजीला नुकतंच डाव्या कुशीवर वळवलं होतं आणि वेळ लिहीत होते.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी आई आली. दुसऱ्या एका सिस्टरचं मूल तापानं फणफणलं होतं म्हणून आदल्या दिवसापासून ती दोन पाळ्या सलग करून आली होती. मी चार्ज दिला. एकही प्रश्न विचारावा लागला नाही. आई म्हणाली, “छान.” हे तिनं मला पहिल्यांदाच म्हटलं होतं. बाबांनी सातूचा चहा आणून दिला, डाव्या हातानं. तिनं घेतला, प्यायली, आणि झोपायला गेली.

या बाईनं पाचव्या मजल्यावरच्या प्रत्येक नव्या सिस्टरला शिकवलं आहे. हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. पक्षाघाताचा झटका ओळखायला एवढं पुरतं. ती नवऱ्याच्या समोर दीड हातावर उभी राहून चहा प्यायली आणि तिला दिसलं नाही.

सव्वासातला बाबा शेगडीजवळ पडले. इथेच आणलं. तळमजल्यावर तरुण डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, “लक्षणं कधी सुरू झाली?”

आई म्हणाली, “आत्ता. सव्वासातला.”

मी म्हटलं, “दोन वाजून दहा मिनिटांनी.”

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. फॉर्म भरायला तिनं पेन घेतलं होतं. ते तिनं खाली ठेवलं.

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, असं डॉक्टर म्हणाले. पाच तास वीस मिनिटं होऊन गेली होती.

मी आधी का सांगितलं नाही, हे आईनं मला आजपर्यंत विचारलेलं नाही. तेरा वर्षं झाली. माझं उत्तर तयार आहे. रकाना नव्हता. वहीत सात रकाने होते आणि ते सातही आजीचे होते. जे विचारलं जातं ते सांगायचं, नेमकं सांगायचं, आणि जे विचारलं जात नाही त्यात तिचा वेळ घालवायचा नाही, असं मी शिकले होते. चांगली शिकले होते.

चार दिवसांनी वही उघडली तर पट्टीनं आठवी रेघ मारलेली होती. वर आईच्या अक्षरात एकच शब्द. बाबा.

दोष कुणाचा? हा प्रश्न मला फार वर्षं पडला. नंतर मी यंत्रांचं शिक्षण घेतलं. आमच्याकडे बिघाड झाला की आधी कुठे ताण जास्त आला ते पाहतात, मग कुणाचा हात लागला होता ते. त्या दिवशी पाचव्या मजल्यावर अठ्ठावीस रुग्ण होते आणि दोन सिस्टर. माणसाकडे नीट पाहायची एका दिवसाची जेवढी ताकद तिच्याकडे होती, ती त्या अठ्ठावीस जणांवर संपली. घरी आला तो तिचा गणवेश आणि बूट. नव्या विभागात सल्लागार एक असेल, हे आज समजलं. सिस्टर किती असतील, हे समजलं असतं तर मी जास्त वेळ टाळ्या वाजवल्या असत्या. अध्यक्षमहोदय, हे रागानं म्हटलेलं नाही. आकडा विचारायची मला सवय लागलेली आहे, ती कुठून लागली हे आपण ऐकलंतच.

पुढचं थोडक्यात. आजी दोन वर्षांनी गेली. दुकान विकलं. बाबा काठी घेऊन चालतात, सावकाश बोलतात, उजवा हात खिशात ठेवतात. आजही ठेवला आहे. मी शिकायला जोन्जूला गेले आणि तिथेच राहिले. गाडीनं तासभराचं अंतर आहे. मी महिन्यातून एकदा यायचे. यंत्रांमध्ये बरं वाटायचं. एकदा मी आमच्या वॉर्डातले अलार्म मोजले. एका पाळीत दोनशे बारा वाजले, त्यातले खरे नऊ. बाकीच्यांसाठीही कोणीतरी उठलंच होतं. तेव्हा मला आमच्या घरातला विजेवरचा भाताचा कुकर आठवला. भात झाला की तो सूर काढतो, आणि तो सूर आला की आई झोपेतून उठून उभी राहायची, चपला शोधायची. पुढच्या खेपेला मी कुकर खोलला आणि आवाजाची तार कापली. आमच्याकडे भात आता मुक्यानं शिजतो. तरी ती उठते.

मागच्या महिन्यात बाबांनी मला जवळ बोलावलं. त्यांना एक वाक्य पूर्ण करायला वेळ लागतो, म्हणून ते नेमकी वाक्यं निवडतात. म्हणाले, “वहीत... तिचं... कोण लिहितं?”

म्हणून मी एकवीस दिवस घरून कामावर गेले आणि लिहिलं. आई, आता मी तुझ्याशी बोलते आहे. सभेनं क्षमा करावी. हा चार्ज आहे, आणि तो दारातच द्यायचा असतो. तू अजून नोकरीच्या दारात आहेस.

नाव नाम गीसुन. वय साठ. झोप, एकवीस दिवसांची सरासरी, चार तास दहा मिनिटं. सलग जास्तीत जास्त दोन तास. जेवण उभ्यानं, सरासरी सहा मिनिटं. रक्तदाब पाच वेळा घेतला. मीटर तपासायचाय म्हणून मी तुझ्या दंडाला पट्टा लावायचे, आठवतंय? सरासरी एकशे बासष्ट, खाली अठ्ठ्याण्णव. मीटर बरोबर होता. बाबांशी बोललेली वाक्यं, दिवसाला चौदा. त्यातले प्रश्न अकरा, अकराही औषधाचे किंवा पोटाचे. हसणं, एकदा. टीव्हीवरच्या हवामानवाल्या बाई पाऊस सांगत होत्या आणि बाबा म्हणाले, “मिलीत सांग.” तेव्हा.

‘बरी आहे’ असं मी लिहिलेलं नाही.

आता राहिलं शेवटचं. चार्ज घेणारीनं शेवटी म्हणायचं असतं, ‘घेतला, तुम्ही जा.’ ते म्हटल्याशिवाय देणारीनं वॉर्ड सोडायचा नाही. हा नियम या इमारतीत तूच लावलास. बाबांचा चार्ज तेरा वर्षं तुझ्याकडे आहे. घ्यायला जी यायची होती ती जोन्जूला निघून गेली. म्हणून आज या सगळ्यांच्या साक्षीनं सांगते. बुधवार, शनिवार, रविवार. बाबांचा चार्ज माझ्याकडे. घेतला. तू जा. कुठे जायचं ते तू ठरव. नव्या विभागात जा, किंवा झोपायला जा.

माझं भाषण एवढंच होतं. आता आभार...

अध्यक्षमहोदय, एक मिनिट. सत्कारमूर्तींनी बसल्या जागेवरून काही विचारलं आहे. मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल, म्हणून मी सांगते. त्यांनी विचारलं, “आणि तू?”

मी काय, आई?

त्या म्हणतात, “तू किती झोपतेस?”

हा प्रश्न वहीत नाही. याचं उत्तर मी तयार करून आणलेलं नाही.

पाच तास.

... “अंदाजे नको,” असं म्हणतात.

चार तास चाळीस मिनिटं.

त्यांनी पर्स उघडली आहे. पत्र बाहेर काढलं आहे, पेनही. पत्र उलटं करून त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूवर उभी रेघ मारली आहे आणि त्या थांबल्या आहेत, म्हणजे पुढचा आकडा हवा आहे. आई, पुढचे आकडे मी घरी देईन. इथे लोकांचं जेवण थंड होतंय.

अध्यक्ष, मेट्रन आणि आयोजक यांनी मला बोलू दिलं, त्याबद्दल आभार. ज्यांनी आज पाळ्या बदलून घेऊन पाचवा मजला सांभाळला, त्यांचे विशेष आभार. बोलताना कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, घरातलं चारचौघांत सांगण्यात मर्यादा सुटली असेल, तर सभेनं पोटात घालावं. वेळ अकरा मिनिटं झाली. नऊ सांगितली होती, तीही चूक माझ्याच नावावर लिहावी.