बिल्ल्यावरचं नाव

करुणा: पत्र मिळालं होतं ना, सर?

सर: मिळालं होतं.

करुणा: मला वाटलं टपालात कुठे हरवलं. दिवाळीच्या आधी टाकलं होतं.

केसरबाई: हरवतंय कशाला? रोज काढतेत, वाचतेत, पुन्हा पाकिटात घालून ठिवतेत. घडीवर कागद फाटाया आला. मी म्हणलं, अवं, तुमची विद्यार्थीण उत्तर मागतीया, मार्क मागत नाय. चार ओळी लिहा की.

सर: केसर, चहा...

केसरबाई: ठिवलाय. चहा ठिवला म्हणून तोंड बंद करू का?

करुणा: असू द्या सर, काकू खरंच बोलतात. मी फोन केला असता. पण तुम्हीच वर्गात सांगायचात, दुसऱ्याचं आयुष्य जिच्यानं बदलणार आहे ती गोष्ट तोंडी विचारू नये, लिहून विचारावी.

सर: हो. सांगायचो खरा. आता वाटतं, जरा जास्तच सांगायचो.

करुणा: शेवटी आज रिक्षा केली. रिक्षावाल्याला हर्सूल म्हटलं तर विचारतो, जेलमध्ये कोणाला भेटायचंय का?

केसरबाई: सगळे तेच इचारतेत. ह्यांना तर ते बी चाललं असतं. कोणी बोलायला येत नाय, पुस्तकं वाचत बसायचं.

करुणा: सर, सोमवारी बैठक आहे. साहेबराव हिवराळेंना सुपरवायझर ठेवायचं, का काढून स्टोअरला बसवायचं, ते माझ्या शेऱ्यावर ठरणार आहे. आणि मला तो शेरा लिहिता येत नाहीये.

केसरबाई: कोण साहेबराव? ह्यांनी मला पत्र वाचून दाखवलंच नाय.

करुणा: आमच्या कंपनीतले, काकू. शेंद्र्याला. आम्ही गाड्यांचे ब्रेकपाइप बनवतो, मी तिथं माणसांचं खातं बघते. साहेबराव तिथं हेल्परचे सुपरवायझर झाले. आता नवे प्लांट हेड आलेत, सत्यम. बंगळूरहून. तिशीतला माणूस. पहिल्याच दिवशी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. म्हणाले, मला सर म्हणायचं नाही, सत्यम म्हणायचं. इथं कोणी साहेब नाही. स्वतःच्या केबिनचं दार काढून टाकलं त्यांनी.

केसरबाई: चांगलाय की मग.

करुणा: चांगलेच आहेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यात जोरात मी. मला सरांचा त्रिकोण आठवला. फळ्यावर मोठा त्रिकोण, आत आडव्या रेषा. सर म्हणाले, ही आपली संघटना. मग डस्टरनं एकेक रेष पुसत गेले. म्हणाले, पायऱ्या जितक्या कमी, तितका खालच्या माणसाचा आवाज वर लवकर पोचतो.

सर: ते माझं नव्हतं. पुस्तकातलं होतं. मी नुसतं मराठीत सांगितलं.

करुणा: मला ते पुस्तक माहीत नाही, सर. मला तुमचा त्रिकोण माहीत आहे. मी नोकरीला लागले तेव्हापासून तो पुसायचाच होता मला. म्हणून सत्यमच्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेले. मग बिल्ले आले.

केसरबाई: कसले बिल्ले?

करुणा: छातीवर लावायचे, नावाचे. आडनाव नाही, हुद्दा नाही, फक्त नाव. तेही छोटं, जवळीक वाटावी म्हणून. गोकुळचा गोकू, राजकुमारचा राज. आणि साहेब हा शब्द कंपनीत बंद. मग साहेबरावांच्या बिल्ल्यावर लिहायचं काय? यादी माझ्या हातात होती. सत्यमना विचारलं तर हसले. नावातच साहेब? मग सॅबी लिहा, मस्त वाटतं.

केसरबाई: सॅबी? पामेरियन कुत्रं पाळल्यासारखं?

करुणा: मी लिहिलं, काकू. मीच लिहिलं.

सर: आणि त्यांनी लावला नाही.

करुणा: खिशात ठेवतात. छातीला लावत नाहीत. सांगून पाहिलं, नोटीस देऊन पाहिली. मग एक दिवस सकाळच्या सभेत, म्हणजे पाळी सुरू व्हायच्या आधी लाइनवरच उभ्याउभ्या बोलतो आम्ही, तिथं नव्या इंजिनिअर पोरीनं हाक मारली. सोनिया नाव तिचं. तिच्या मनात काही नव्हतं. म्हणाली, सॅबी, आजचं टार्गेट सांग. हे गप्प. तिनं पुन्हा हाक मारली. पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा ती जरा मोठ्यानं म्हणाली, तर हे हातमोजे काढून बाकड्यावर ठेवून बाहेर गेले आणि गेटपाशी जाऊन उभे राहिले. लाइन थांबली. आता अहवालात काय आहे माहितीये? बदलाला विरोध. जुन्या वळणाचा, अधिकार गाजवणारा नेता. नव्या रचनेत बसत नाही.

सर: गाजवतात का?

करुणा: काय?

सर: अधिकार. म्हणजे, मी आपला विचारतो.

करुणा: ओरडतात. खोटं कशाला बोलू? एकदा एका पोरानं मशीनचं गार्ड काढून काम केलं, तर सगळ्यांसमोर त्याची आई-बहीण काढली. पण त्यांच्या पाळीत कोणाचं बोट गेलं नाही, आणि पोरं त्यांची पाळी मागून घेतात. पुस्तकात या माणसाला कुठल्या रकान्यात टाकायचं, सर? हुकूमशाही, सहभागी, परिस्थितीनुसार? तुम्ही शिकवलेले सगळे रकाने लावून बघितले मी.

सर: मीही लावले.

केसरबाई: पर त्या माणसाला सॅबीचं एवढं काहून लागलं? हसून सोडून द्यावं माणसानं.

करुणा: मीही हेच म्हटलं होतं. त्यांच्या घरी गेले, फुलंब्रीच्या अलीकडे. नीट बसवलं, पोहे दिले. मग म्हणाले, मॅडम, माझ्या बापाला म्हातारा होईस्तोवर अख्खं गाव अरे-तुरे करायचं. बारकी बारकी पोरं सुद्धा. मी झालो तवा त्यानं ठरवून नाव ठिवलं. म्हणाला, आता माझ्या लेकाला हाक मारायची तर साहेब म्हणावंच लागंल. पाटील असो का कोणी असो.

केसरबाई: लई बेरकी म्हातारा!

करुणा: गाव त्याच्याहून बेरकी, काकू. कोणी साहेबराव म्हटलंच नाही. साब्या म्हणायचे. शाळेत साब्या, शेतावर साब्या. कंपनीच्या हजेरीत पहिल्यांदा पुरतं नाव ऐकलं त्यांनी. आणि आता मी त्यांना बिल्ला छापून दिला. सॅबी. साब्या आणि सॅबी... सत्यमना कळायचं कारण नाही, सोनियाला नाही. पण मला? माझ्या आजोबांना गाव काय म्हणायचं, ते मला माहीत नाही का?

केसरबाई: घे, पाणी पी आधी.

सर: मग शेऱ्यात हेच लिही. म्हणजे... लिहिता येईल, असं मला वाटतं. खात्री नाही.

करुणा: लिहिलं तर काय म्हणतील? हिवराळेंना आणि मला एकाच वस्तीतले धरतील. आपल्या माणसाची बाजू घेते, म्हणतील. तोंडावर नाही म्हणणार, सगळे फार सभ्य आहेत. आणि नाही लिहिलं तर तो माणूस स्टोअरमध्ये खोकी मोजत बसेल आणि मी रोज त्यांच्यासमोरून जाईन. म्हणून तुम्हाला लिहिलं, सर. मला एखादा सिद्धांत द्या. मोठ्या माणसाचा, बाहेरच्या देशातला. ज्याच्या आड मला उभं राहता येईल.

सर: नाही सापडला.

करुणा: म्हणजे?

सर: शोधला. घरातली पुस्तकं झाली, कॉलेजच्या वाचनालयात जाऊन बसलो. अधिकाराबद्दल आहे, प्रेरणेबद्दल आहे, बदलाला विरोध का होतो त्याची तर अख्खी प्रकरणं आहेत. पण ज्याला पायरी चढूच दिली नाही, तो एकदाचा चढला आणि त्याच दिवशी पायऱ्या काढून टाकल्या, तर त्याचं काय... हे कुठे सापडलं नाही. म्हणून उत्तर लिहिलं नाही. तळटीप काय देणार होतो?

केसरबाई: ऐक ह्यांचं! तळटीप नाय म्हणून पोरीला ताटकळत ठिवलं.

करुणा: मग सत्यम बरोबर? सगळ्यांना नावानं हाक मारायची, यात चूक काय आहे, हेही मला धड सांगता येत नाही. समताच आहे ती. मी तुम्हाला सर म्हणते, हे तरी का? कॉलेजच्या कार्यालयात एकदा तुमचं पुरतं नाव वाचलं होतं, सांडू म्हणू का?

केसरबाई: म्हण की. म्हणून बघ.

सर: म्हण. हरकत नाही.

करुणा: सां... नाही जमत, सर.

केसरबाई: तुला जमत नाय अन् त्यांना सोसत नाय. बघ, कान लाल झाले. अगं, ह्यांच्या आधीची दोन लेकरं जगली नाय. म्हणून सासूबाईनं नाव ठिवलं सांडू. सांडून दिलेलं, नको असलेलं, म्हणजे नजर लागायची नाय. जीव वाचावा म्हणून ठिवलेलं नाव, अन् आयुष्यभर लपवलं. पाटीवर एस. के. वाहूळ, पुस्तकावर एस. के. वाहूळ, लग्नपत्रिकेवर सुद्धा एस. के.! माझ्या मावशीनं इचारलं होतं, नवरा मराठीच हाय ना?

सर: शाळेत मास्तर सांड्या म्हणायचे. सांड्या, तू दाराजवळ बस. एवढंच आहे ते. फार काही नाही.

करुणा: सर, माझा तसा...

सर: नाही, नाही. तुझं चुकलं नाही. सत्यमचंही, मला वाटतं, फारसं नाही. त्याला सत्यम म्हटलं तर त्याचं काही जात नाही, कारण त्याला कधी कोणी सत्या म्हणून दाराजवळ बसवलं नसेल. तो स्वतःचं काढून देतोय. चांगुलपणानंच देतोय. पण त्याच वेळी त्यानं साहेबरावांचंही काढून घेतलं... करुणा, एक विचारू? बिल्ले करण्याआधी तुम्ही त्यांना विचारलं होतं का?

करुणा: काय?

सर: तुम्हाला काय म्हणून हाक मारू.

करुणा: ... नाही. सर्व्हे केला होता. कँटीन कशी वाटते, बस वेळेवर येते का, वरिष्ठांशी मोकळं बोलता येतं का. हा प्रश्न नव्हता त्यात.

सर: मग तुमचा त्रिकोण पुसलेला नाही. म्हणजे रेषा पुसल्या असतील. पण कोणाला काय म्हणायचं ते अजून वरच ठरतं. मी फळ्यावर पुसायचो तेव्हाही डस्टर माझ्याच हातात असायचं, आत्ता बोलताना लक्षात येतंय.

करुणा: हे मला लिहून द्याल?

सर: मी?

करुणा: तुमच्या सहीनं. शेऱ्याला जोडते.

सर: छे. सत्यम कुठल्या मोठ्या संस्थेतून शिकून आला असेल. तो म्हणेल, हे कोण? हर्सूलचा एक निवृत्त मास्तर. याला संदर्भ काय, पुरावा काय? मी आयुष्यात दुसऱ्याच्या आधाराशिवाय एक वाक्य लिहिलेलं नाही, करुणा. तू माझं नाव पुढं केलंस आणि ते हसले, तर नुकसान साहेबरावांचं होईल.

करुणा: आणि नाही केलं, तर होणार नाही?

केसरबाई: बोला आता.

सर: ...तू गेल्यावर बघतो. कोणी समोर असलं की मला लिहिता येत नाही.

करुणा: सर, सोमवारी बैठक आहे. सिद्धांत असो-नसो, हे मी माझ्या तोंडानं बोलणारच आता. पण एकटीनं बोलायची भीती वाटते. एवढंच. येते काकू. जय भीम.

केसरबाई: जय भीम. नीट जा, माय. मी बसते ह्यांच्या उशाला.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. हर्सूलच्या टपाल कार्यालयाबाहेर.)

केसरबाई: आत जायच्या आधी वाचून दाखवा. मागचं पत्र दाखवलं नाय मला.

सर: रस्त्यात?

केसरबाई: रस्त्यात काय कोणी परीक्षा घेतंय तुमची?

सर: बरं. "प्रिय करुणा, तुझ्या पत्राचं उत्तर पुस्तकात सापडलं नाही, म्हणून इतका उशीर झाला. त्या उशिराबद्दल माफ कर. जे मला वाटतं ते लिहितो, याला कोणाचाही आधार नाही. आदर काढून घेतल्यानं समता येत नाही. ज्यांना तो मिळाला नव्हता त्यांना आधी मिळू द्यावा, मग सगळ्यांनी मिळून काय सोडायचं ते ठरवावं. साहेबराव हिवराळे यांनी बदलाला विरोध केलेला नाही. त्यांनी हाकेला ओ दिली नाही, कारण ती हाक त्यांची नव्हती. त्यांना विचारावं आणि ते सांगतील ते नाव बिल्ल्यावर लिहावं. हे पत्र बैठकीत वाचून दाखवायला माझी हरकत नाही."

केसरबाई: एवढंच?

सर: कमी आहे का? आणखी एक परिच्छेद होता, रात्री खोडला.

केसरबाई: नाय. बास हाय. मोबाइलनं फोटो काढून धाडा की, लवकर पोचंल.

सर: पत्राचं उत्तर पत्रानंच द्यावं. स्पीड पोस्ट आहे, शहरातल्या शहरात सोमवारी सकाळी पोचेल, म्हणतात. न पोचलं तर... तर फोटो पाठवू.

केसरबाई: जावा मग. मी हितं सावलीला उभी राहते. परत घेऊन येऊ नका.

सर: नाही आणत.

केसरबाई: (थोड्या वेळानं) आले? एवढा येळ? दिलं का नाय?

सर: दिलं. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, पाठवणाऱ्याचं नाव सांगा.

केसरबाई: सांगितलं असंल, एस. के.

सर: पुरतं सांगितलं. पत्राखाली तेच लिहिलं होतं.

केसरबाई: हसली का?

सर: नाही. टाइप केलं तिनं. मग मी निघालो, तर म्हणाली, सांडूकाका, पावती राहिली तुमची.

केसरबाई: मग घेतली ना?

सर: घेतली. दोनदा हाक मारावी लागली तिला. पहिल्यांदा मला कळलंच नाही, मला बोलावतेय म्हणून.